व्हेनिसच्या पुढची गाडी

सन २०२५ च्या ऑक्टोबरांतील एका रविवारीं सकाळींच आमचे एक स्नेही कागदांची चळत घेऊन आमच्या घरीं आले. हे गृहस्थ पुण्याचेच, एका बँकेंत अधिकाराच्या जागेवर असलेले व हिशेबाला अत्यंत चोख. आणि स्वभावानें असे कीं, चहा घेतल्यावांचून कामाची गोष्ट म्हणून काढावयाचे नाहींत. त्या दिवशीं मात्र त्यांनीं कपबशी तशीच बाजूला सारली, कागद आमच्या पुढ्यांत टाकले आणि म्हणाले, “हें पाहा तुमच्या भाचीचें विद्याध्ययन!”

ही भाची म्हणजे त्यांचीच एकुलती एक कन्या. तिची आई आम्हांला भाऊ मानते, त्या नात्यानें आम्ही तिचे मामा. २०२४ च्या ऑक्टोबरांत ती जर्मनींतील आखेन येथें जलस्थापत्याच्या उच्च अभ्यासक्रमासाठीं गेली. तिला जाऊं द्यावें म्हणून रदबदली करणारे आम्ही, आणि कर्जाच्या कागदावर जामीन राहिलेलेही आम्हीच. तेव्हां ती चळत आमच्या पुढें यावी हें न्यायाचेंच होतें. कागद म्हणजे तिच्या खर्चवहीचीं पानें. वडिलांच्या आज्ञेवरून ती दर महिन्यास त्या पानांचीं छायाचित्रें काढून पाठविते, आणि वडील तीं छापून घेऊन तांबड्या शाईनें तपासतात. सप्टेंबरच्या पानावर तांबडी शाई फार झाली होती. फ्लॉरेन्स, व्हेनिस अशा नांवांखालीं रेघा होत्या. आणि एका ओळीखालीं तर एकावर एक तीन रेघा ओढलेल्या होत्या. ती ओळ अशी: ‘फुलें – ६ युरो.’

“प्रवासाचें एक वेळ सोडा,” आमचे स्नेही आवाज खालीं आणून म्हणाले, “पण हीं फुलें कोणाला?”

खरी ठेंच कोठें लागली आहे हें आमच्या लक्षांत आलें. तथापि तो प्रश्न आम्हीं तूर्त बाजूला ठेवला व आधीं प्रवासाचेंच बोलूं, असें त्यांस सुचविलें.

अशी तक्रार घेऊन आमच्याकडे येणारे हे पहिलेच पिते नव्हेत. २०२३-२४ च्या हिंवाळी सत्रांत एकट्या जर्मनींत भारतांतून गेलेले सुमारें ४९ हजार विद्यार्थी शिकत होते. तेथील परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठी संख्या आपलीच. आमच्या परिचयाच्या घरांतलींच सात-आठ मुलेंमुली आज त्या खंडांत आहेत, आणि त्यांपैकीं प्रत्येक घरांत हा वाद एकदां तरी झालेला आम्हीं ऐकला आहे. आई छायाचित्रें पाहून सुखावते, वडील मनांतल्या मनांत युरोचे रुपये करतात, आणि शेजारच्या काकू येऊन सहज विचारतात, “शिकायलाच गेली आहे ना हो?” वडिलांचा त्रागा अकारण असतो असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. जर्मनीचा विद्यार्थी-व्हिसा मिळवावयाचा तर वर्षाच्या चरितार्थाची रकम आधींच एका राखीव खात्यांत भरून ठेवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरापासून ही रकम ११,९०४ युरो झाली, म्हणजे दहा लाखांहून अधिक रुपये; आणि त्यांतून महिन्यास ९९२ युरोच काढतां येतात. त्यांतच खोलीचें भाडें, विम्याचा हप्ता व पोट. ज्या घरानें ही रकम कर्जानें उभी केली, त्या घराच्या डोळ्यांपुढें व्हेनिसच्या कालव्यांचें चित्र आलें कीं कपाळाला आंठी पडणारच.

आतां दुसरी बाजू. देशाटनानें शहाणपण येतें, अशी आर्या आम्हीं सर्वांनीं शाळेंत घोकली. परंतु घोकतांना आपण बसलेल्या जागेवरून हललों नाहीं, आणि मुलांनीं हलूं नये असेंच आपल्याला मनांतून वाटत आलें. वास्तविक कोंकणांतून निघून काशीस जाणारे, तेथें दहा-बारा वर्षें गुरुगृहीं काढणारे व परत येतांना वाटेवरच्या शास्त्र्यांच्या भेटी घेत घेत येणारे आपलेच पूर्वज. जर्मन लोकांत तर ही चाल कारागिरांतही होती आणि अजून ती पुरती मोडलेली नाहीं. सुतार, गवंडी वगैरेंचीं शिकाऊ मुलें उमेदवारी संपली म्हणजे काळा पोशाख करून तीन वर्षें व एक दिवस गांवोगांव काम करीत हिंडतात. तेवढ्या अवधींत स्वतःच्या गांवाच्या पन्नास किलोमीटरांच्या आंत पाऊल टाकावयाचें नाहीं, असा दंडक असतो. विद्यार्थ्यांना स्वस्तांत रात्र काढतां यावी म्हणून जीं ‘युवक-विश्रामगृहें’ आज जगभर आहेत, त्यांचा आरंभही जर्मनींतच एका शाळामास्तरांनीं केला. रिशार्ड शिर्मान हे त्यांचें नांव. मुलांची सहल पावसांत सांपडली आणि निवारा मिळेना, तेव्हां त्यांना ही कल्पना सुचली. आल्टेना येथील किल्ल्यांतलें त्यांचें विश्रामगृह पहिलें म्हणून दाखविलें जातें.

हें सर्व आमच्या स्नेह्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाले, “ते सुतार हिंडतांना कामें करतात. ही काय करते?”

या प्रश्नावर आम्हांला एक गोष्ट कबूल करावी लागली. ती आम्हीं त्यांच्यापासून सहा महिने लपवून ठेविली होती, आणि येथें ती लिहितांनाही आम्हांला संकोच वाटतो.

आखेन हें शहर जर्मनीच्या अगदीं कडेला आहे. शार्लमेन बादशहाचें हें आवडतें ठाणें. त्याच्या काळचें प्रार्थनामंदिर आजही उभें असून १९७८ मध्यें जागतिक वारशाची जी पहिलीच यादी झाली, तींत जर्मनींतील हीच एक वास्तु होती. गांवांत गरम पाण्याचे झरे आहेत, व त्यांना गंधकाचा इतका उग्र वास येतो कीं, पहिल्या दिवशीं आमच्या भाचीला वज्रेश्वरीची आठवण होऊन रडूं आलें. गांवाबाहेर रानांतून चालत गेलें कीं ३२२ मीटर उंचीची एक टेंकडी लागते. तिच्या माथ्यावर जर्मनी, बेल्जम व हॉलंड या तीन राज्यांच्या सीमा मिळतात, आणि तेथें पहारा नाहीं कीं तारेचें कुंपण नाहीं. एका पायानें एका राज्यांत व दुसऱ्या पायानें दुसऱ्यांत उभें राहून तिनें काढविलेलें छायाचित्र आम्हां सर्वांना आलें होतें. सीमा अशा पुसट होण्याला कारण झालेला करार १९८५ च्या जून महिन्यांत लक्झेंबुर्गमधील शेंगेन या लहानशा गांवीं, मोझेल नदींत उभ्या असलेल्या एका नौकेवर झाला. या करारांतील एका राज्याचा निवास-परवाना हातीं असला म्हणजे विद्यार्थ्याला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसपर्यंत इतर राज्यांत वेगळा व्हिसा न काढतां हिंडतां येतें. ज्या मुलीला मुंबईस जावयाचें तरी घरीं विचारावें लागे, तिच्यापुढें एकाएकीं एवढें आवार मोकळें झालें. त्यांत भर म्हणून जर्मनीनें २०२३ च्या मे महिन्यांत देशभराच्या साध्या गाड्यांना व बसांना चालणारें ४९ युरोंचें मासिक तिकीट काढलें. (त्याची किंमत जानेवारी २०२५ मध्यें ५८ युरो झाली, जलद गाड्यांना मात्र तें चालत नाहीं.)

व्हावयाचें तें झालें. त्या पहिल्या नाताळांत आमची भाची चार मैत्रिणींबरोबर पांच दिवसांत पॅरिस, ब्रुसेल्स व अॅम्स्टरडॅम ‘करून’ आली. ‘करून’ हा शब्द तिचाच. लूव्रमध्यें दोन तास, मनोऱ्यापाशीं एक तास, आणि बाकीचा वेळ रांगेंत. परत आल्यावर थंडी बाधली, अभ्यास मागें पडला, आणि फेब्रुवारींत ती एका विषयांत नापास झाली. तेथें नापास होणें ही साधी गोष्ट नाहीं. एका विषयास बहुधा तीनच वेळां बसूं देतात आणि तिसऱ्या वेळींही गेलें तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. एका रात्रीं तिनें हें आम्हांला सांगितलें, आणि बाबांना सांगूं नका म्हणून गळ घातली. आम्हीं तिची चांगली कानउघाडणी केली. “त्या कागदावर तुझ्या वडिलांची सही आहे, त्यांच्या खालीं माझी आहे,” असेंही म्हणालों, आणि तें वाक्य बोलून झाल्यावर आमचें आम्हांलाच वाईट वाटलें. कारण त्या घटकेला आम्हांला मुलीपेक्षां सहीची काळजी अधिक वाटली होती. वडिलांना मात्र आम्हीं सांगितलें नाहीं. पुढें जुलैंत ती पुन्हां बसली व चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली, तेव्हां आतां सांगण्यांत अर्थ काय, असें मनाचें समाधान करून घेतलें.

हें ऐकून आमचे स्नेही बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. आम्ही त्यांच्या रागाला तयार होतों; पण ते एवढेंच म्हणाले, “म्हणजे मला वहीच तेवढी दाखवीत होतां तुम्ही दोघें.”

यावर आम्हांजवळ उत्तर नव्हतें. तेव्हां आम्हीं वहीच पुढें ओढली.

वाचकहो, खर्चाची वही हा मनुष्याच्या चरित्राचा फार प्रामाणिक भाग असतो. फेब्रुवारीनंतरच्या पानांवर या मुलीचा प्रवास कसा पालटला, तें आम्हां दोघांनाही त्या सकाळीं प्रथमच दिसलें. मार्च, एप्रिल, मे कोरे. जूनच्या आरंभींच्या सुट्टींत एकच प्रवास, तोही एकटीनें, हॉलंडच्या झीलंड प्रांतांत. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्रीं वादळानें समुद्राचे बांध फुटून त्या देशांत १,८३६ माणसें मेलीं. औवेरकेर्क या गांवीं शेवटचें भगदाड बुजविण्यासाठीं काँक्रीटचे जे चार प्रचंड पोकळ ठोकळे बुडविले, त्यांच्याच पोटांत आज त्या पुराचें संग्रहालय आहे. तेथून ती ईस्टर्न शेल्टच्या मुखावरचा बांध पाहण्यास गेली. त्याविषयीं तिनें आम्हांला तेव्हां सविस्तर लिहिलें होतें, व आम्हीं तें अर्धवट वाचून ठेवून दिलें होतें. हें मुख कायमचें बुजवून टाकावें असा मूळचा बेत होता. परंतु खाडींतलें भरती-ओहोटीचें पाणी थांबलें तर कालवें-शिंपल्यांवर पोट भरणारे कोळी बुडतील आणि खाडी मरेल, असा ओरडा झाला. सरकारानें व स्थपतींनीं बेत बदलला. ६२ प्रचंड दारें बसविलीं. एरव्हीं तीं उघडीं असतात, वादळाच्या वेळींच तेवढीं पाडतात. हें काम १९८६ मध्यें पुरें झालें. “मामा, आमच्या पुस्तकांत दारांची जाडी आहे, पण कोळ्यांची गोष्ट एका ओळींत आहे,” असें तिनें लिहिलें होतें. (परत येतांना जर्मनीच्या हद्दीवर बस थांबवून तपासणी झाली, आणि बाईसाहेब पासपोर्ट खोलीवर विसरल्या होत्या. सीमा पुसट झाल्या म्हणून कागद घरीं ठेवूं नयेत. २०२४ च्या सप्टेंबरांत जर्मनीनें आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली, याचा तिला तासभर खोळंबून अनुभव आला.)

आणि मग सप्टेंबर. येथें जमेच्या बाजूला एक रकम होती ती आम्हीं आमच्या स्नेह्यांच्या नजरेस आणली. तेथें परदेशी विद्यार्थ्यास वर्षांतून १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा असते. आमच्या भाचीनें उन्हाळ्यांत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत पाण्याचा वेग मोजण्याचें काम धरलें होतें, आणि इटलीचा सगळा खर्च त्याच पैशांतून झाला होता.

“पैसा तिचा असेल, वेळ कोणाचा?” आमचे स्नेही म्हणाले, पण आवाज पूर्वीचा नव्हता.

खर्च पाहूं गेलें तर दारिद्र्याचाच म्हणावा लागेल. रात्रीची बस, कारण त्यानें एका मुक्कामाचें भाडें वांचतें. आठ खाटांच्या खोलींतली एक खाट. पाव, टोमॅटो, दूध. बाकी घरून नेलेली थालिपिठाची भाजणी व मेतकूट. फ्लॉरेन्सच्या विश्रामगृहांत तिनें फोडणी केली तेव्हां धुरानें आगीची घंटा वाजून सगळे बिऱ्हाडकरू जिन्यांत जमा झाले, आणि मग त्यांतल्या तिघांनीं थालिपीठ मागून खाल्लें, असें समासांत लिहिलें आहे. चित्रसंग्रहालयाच्या तिकिटाची नोंद एकच. बाकीचा दिवस ती भिंती पाहत हिंडली. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं आर्नो नदीचा लोंढा त्या शहरांत शिरला. तो कोठें किती चढला याच्या खुणेच्या पाट्या घरांच्या भिंतींवर अजून आहेत, आणि कित्येक पाट्या वाचण्यास मान पुरती मागें टाकावी लागते. राष्ट्रीय ग्रंथालयांतील लाखों ग्रंथ त्या दिवशीं चिखलांत गेले, तेव्हां देशोदेशींचे विद्यार्थी धांवून आले, तळघरापासून रस्त्यापर्यंत सांखळी करून उभे राहिले आणि एकेक ग्रंथ हातोहात वर काढला. गांवकरी त्यांना चिखलांतले देवदूत म्हणूं लागले. त्यांतले पुष्कळसे त्या सुमारास इटलींत शिकावयास किंवा नुसतें हिंडावयास आलेले होते.

व्हेनिसमध्यें ती एकच रात्र राहिली. त्याच ४ नोव्हेंबरला व्हेनिसमध्येंही समुद्राचें पाणी नेहमीच्या पातळीच्या १९४ सेंटिमीटर वर चढलें होतें. तें पुन्हां न चढावें म्हणून खाडीच्या तीन मुखांत ७८ दारें समुद्राच्या तळाशीं निजवून ठेविलीं आहेत. ऑक्टोबर २०२० मध्यें तीं प्रथम खऱ्या भरतीला उभीं केलीं, आणि शहर कोरडें राहिलें.

“पण गोंडोलांत बसली ती!” आमचे स्नेही छायाचित्रावर बोट ठेवून म्हणाले.

“गोंडोलाच्या शेजारीं उभी आहे. अर्ध्या तासाचे ९० युरो पडतात. वहींत ९० युरो दाखवा.”

त्यांनीं दोनदां शोधलें. वहींत नव्हते. हिशेबी मनुष्याला हिशेबानेंच पटतें. त्याखालची ओळ मात्र आम्हांलाही उलगडेना. ‘व्हेनिस ते लाँगारोने, आगगाडी’, आणि त्याच दिवशीं तीं फुलें. व्हेनिस पाहून लोक रोमला जातात, मिलानला जातात. उत्तरेस डोंगरांत जाणाऱ्या गाडीनें हें कोणत्या गांवीं कोण जातें? मुलीला विचारावें, तर आखेनला अजून उजाडलें नव्हतें. शेवटीं दुपारीं आम्ही त्यांच्याच घरीं गेलों. सोप्यावर त्यांच्या मातोश्री जपमाळ घेऊन बसल्या होत्या. आम्ही त्यांना काकू म्हणतों. वय शहात्तर, कान तिखट. लाँगारोने हा शब्द निघतांच माळ थांबली.

“तीं फुलें मींच घ्यायला सांगितलीं होतीं,” त्या म्हणाल्या. “तूं मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

काकूंचें माहेर नारायण पेठेंत, नदीच्या बाजूला. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां त्या बारा वर्षांच्या होत्या. धरणाचें काम पुरें झालेलें नसतांना त्या पावसाळ्यांत पाणी सांठविलें गेलें. आदल्या रात्रीं लष्कराच्या जवानांनीं वाळूचीं पोतीं रचून तें थोपवून धरलें. सकाळीं तें गेलें आणि पाठोपाठ खडकवासल्याचें गेलें. हें सर्व आपण पुणेकर जाणतों. काकूंच्या घरच्यांनीं पर्वतीची वाट धरली. वाड्यांतलें दुसरें बिऱ्हाड मागें राहिलें. त्यांची आजी खाटेवर होती, तिला टाकून निघावयास कोणी तयार होईना. त्या बिऱ्हाडांतली मुलगी काकूंच्या वर्गांत, काकूंच्याच बांकावर बसे.

“पाणी ओसरल्यावर वाडा नव्हताच,” काकू म्हणाल्या. “तिचं नांव मीं कुठं लिहिलेलं म्हणून पाहिलं नाहीं. शाळेच्या हजेरींत होतं तेवढंच. हिला हें लहानपणीं एकदां सांगितलं होतं, आणि मला वाटलं विसरली असेल. तर हिनं मला त्या फ्लॉरेन्सहून फोन केला, आजी, तुमच्या वाड्यांत पाणी किती चढलं होतं? म्हटलं, माळ्यावर. मग म्हणाली, मी अशाच एका गांवीं चाललें आहें.”

संध्याकाळीं मुलीशीं बोलणें झालें. तिच्या सांगण्यावरून व नंतर आम्हीं स्वतः वाचलें त्यावरून त्या गांवाची हकीकत थोडक्यांत देतों. कारण धरणाखालीं राहणाऱ्या प्रत्येक शहरानें ती जाणावी अशी आहे.

पियावे नदीच्या कांठीं लाँगारोने, आणि समोरच्या अरुंद घळींत वायाँट ओढ्यावर बांधलेलें २६१ मीटर उंचीचें धरण; त्या काळीं जगांतील अत्युच्च धरणांपैकीं एक. जलाशयाच्या डाव्या अंगाचा डोंगर खचत होता. १९६० मध्यें त्याच्या उतारावर दोन किलोमीटर लांबीची भेग पडली. त्याच नोव्हेंबरांत एक कडा पाण्यांत कोसळलाही. वरच्या गांवांतले शेतकरी सांगत होते, झाडें कलतात, घरांना तडे जातात. तीना मेर्लिन नांवाच्या एका वार्ताहर बाईनें त्यांचें म्हणणें छापलें, तर खोट्या बातम्या पसरविल्या म्हणून तिच्यावरच खटला झाला. त्यांतून ती निर्दोष सुटली. पाणी भरणें व उतरविणें चालूच राहिलें. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्रीं, १० वाजून ३९ मिनिटांनीं, २५ कोटि घनमीटरांहून अधिक डोंगर एकदम जलाशयांत घसरला. युरोपच्या चषकाचा फुटबॉलचा सामना त्या रात्रीं दूरचित्रवाणीवर होता, आणि तो पाहण्यासाठीं आसपासच्या वाड्यांतले लोक लाँगारोनेच्या उपाहारगृहांत उतरून आलेले होते. धरणाच्या माथ्यावरून शंभर मीटरांहून उंच लाट उसळली व खालीं गांवावर पडली. धरण फुटलें नाहीं. तें आजही जसेंच्या तसें उभें आहे, आणि लाँगारोनेच्या रस्त्यांतून मान वर केली कीं घळींत दिसतें. स्थापत्याच्या दृष्टीनें भिंत निर्दोष होती; भिंतीच्या बाजूचा डोंगर आणि त्यावर राहणारीं माणसें काय सांगतात, तेवढें ऐकलें गेलें नव्हतें.

आमची भाची डोंगर चढून धरणापर्यंत गेली. तेथें रस्त्याकडेच्या जाळीला लहान लहान रंगीत पताका बांधलेल्या आहेत, आणि प्रत्येकीवर एका मुलाचें नांव व वय. त्या रात्रीं पंधरा वर्षांखालचीं ४८७ मुलें गेलीं. तिनें तेथूनच आजीला फोन लावला. आजीनें विचारलें, बारा वर्षांची कोणी आहे का? ती चालत चालत वाचीत गेली, व बारा वर्षांचीं नांवें मोठ्यानें वाचून दाखविलीं. काकूंना एकही उच्चार नीट कळला नाहीं, पण त्या म्हणतात, “मीं सगळीं ऐकलीं.” मग त्यांनीं फुलें वाहावयास सांगितलें. खालीं फोर्तोन्या येथें त्या पुरांतल्या लोकांचें स्मशान आहे. १,९१० एकसारखे पांढरे दगड, आणि त्यांखालीं कित्येकांचे देह ओळखतां न आलेले. फुलें विकणाऱ्या बाईनें विचारलें, तुमचें येथें कोण? मुलीला इटालियन येत नाहीं. फोनमधल्या कोशांत शोधून तिनें ‘आजीची मैत्रीण’ असे शब्द दाखविले. त्या बाईनें तिच्या वर्णाकडे पाहिलें, पुन्हां त्या शब्दांकडे पाहिलें, कांहीं विचारलें नाहीं, आणि जुडींत आणखी दोन फुलें घातलीं.

हें सर्व मुलगी सांगत असतां आमचे स्नेही खिडकीपाशीं उभे होते. फोन संपतेवेळीं त्यांनीं तो आमच्या हातांतून घेतला. आम्हांला वाटलें, आतां नापास झाल्याचें निघणार. त्यांनीं विचारलें, “रात्रीच्या बसमध्यें झोंप लागते का ग?” पलीकडून ती काय म्हणाली तें ऐकूं आलें नाहीं. “मग पुढच्या वेळीं खाट घेत जा,” ते म्हणाले, आणि नंतर, पुष्कळ वेळानें, “त्या विषयाचें मला आधीं सांगायचं होतंस.”

तेवढें बोलणें तिला व आम्हांला सारखेंच लागू होतें, व आम्हीं तें निमूटपणें ऐकून घेतलें.

आतां तिनें प्रबंधासाठीं विषय मागितला आहे तो धरणांच्या भिंतींचा नव्हे. पुराची सूचना वरच्या गांवाकडून खालच्या गांवाला किती वेळांत पोंचते, आणि पोंचूनही लोक घरांतून कां निघत नाहींत, हा तो विषय आहे. त्यासाठीं तिला आर नदीच्या खोऱ्यांत जावयाचें आहे. १४ जुलै २०२१ च्या रात्रीं त्या एका खोऱ्यांत १३० हून अधिक माणसें पुरांत गेलीं, आणि तेंही जर्मनीसारख्या देशांत, पावसाचा अंदाज आधीं कळलेला असतांना. आखेनहून तें फार दूर नाहीं. मासिक तिकिटावर साध्या गाड्यांनीं जातां येतें. खर्चाचा अंदाज तिनें वडिलांकडे आधींच पाठविला. त्यांनीं तो नेहमीच्या तांबड्या शाईनें तपासून परत धाडला आहे, आणि तपासतांना त्यांत एक रकम आपल्या हातानें वाढविली आहे, असें काकूंनीं आम्हांस परवां सांगितलें. ती सहा युरोंची आहे.